बिन, कोम, नाक

आपल्या वस्तीत चार घरं धुंडाळली तर एका घरात तरी ते पुडकं सापडतं. पत्र्याच्या पेटीच्या तळाशी, फडक्यात बांधलेलं. पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले कागद. कुणी त्याला सनद म्हणतं, कुणी ताम्रपट म्हणतं (तांब्याचा कपटा नसतो आत), कुणी नुसतं वतनाचे कागद म्हणतं. वाचता कुणाला येत नाही. तरी फेकत नाही कुणी. पूर आला, घर पडलं, माणसं शहरात आली, भांडी विकली, पुडकं राहिलं. ज्या समाजाला हजार वर्षं अक्षराला शिवू दिलं नाही त्या समाजानं कागद असे जपावेत, याचं मला फार वाटतं.

कागद मोडीत असतात. मोडी म्हणजे मराठीच, पण लिपी वेगळी. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर असतो, शिक्षण नववी. मोडी कुणी शिकवली नाही, मीच शिकलो. शिकलो ते इतिहासाच्या प्रेमापोटी वगैरे नव्हे. आमच्या घरात त्या पुडक्यावरून भाऊबंदकी होती आणि पुडकं वाचून घ्यायला प्रत्येक पानाला पैसे पडत होते. गिरणीच्या पगारात ते बसेना.

आधी लिपीबद्दल. मोडी देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाडपंत यानं आणली असं सांगतात. म्हणजे तेराव्या शतकात. कुणी म्हणतात फारसीत शिकस्ता नावाचं घाईचं अक्षर होतं, शिकस्ता म्हणजे मोडलेलं, त्यावरून मोडी. मला हे दोन्ही वाद पंडितांना सोडून द्यावेसे वाटतात. कामाची गोष्ट एवढीच, की ही घाईची लिपी आहे. कारकून आधी कागदावर आडवी रेघ मारून घेई, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग बोरू टेकवला की शक्यतो उचलायचा नाही. अक्षर रेघेला लोंबतं, त्याचा काना वर जाऊन रेघेला भिडतो आणि तिथूनच पुढचं अक्षर खाली उतरतं. दोन शब्दांत जागा नाही. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. 'र' तर जागा बघून रूप बदलतो. एका ओळीत एक शब्द कुठं संपला नि दुसरा कुठं लागला हे वाचणाऱ्यानं ठरवायचं.

म्हणजे काय, तर ही लिपी वाचायला आधीच थोडं माहीत असावं लागतं. कागदात काय लिहिलेलं असू शकतं हे ज्याला ठाऊक, त्यालाच ती भराभर वाचता येते. गावात ते ठाऊक कुणाला? कुळकर्ण्याला. पाटलालासुद्धा पुष्कळदा लिहिता येत नसे, तो कागदाखाली नांगराची निशाणी करी. कुळकर्णी लिहिणार, कुळकर्णी वाचणार, आणि त्यात काय लिहिलंय तेही कुळकर्णीच सांगणार. जोतीराव फुल्यांनी 'ब्राह्मणांचे कसब' लिहिलं १८६९ साली. कुळकर्ण्याच्या लेखणीवर त्यांचा एवढा राग का, हे मला मोडी गिरवायला लागल्यावर नीट कळलं. शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात कुळकर्णी वतनच मोडलं आणि पगारी तलाठी नेमले, त्यात अस्पृश्यांनाही शिकवून घेतलं. लेखणी कुणाच्या हातात हा प्रश्न त्या राजाला समजला होता.

'ध'चा 'मा' केल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. १७७३ च्या ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा गारद्यांनी खून केला. हुकूम 'धरावे' असा होता आणि आनंदीबाईनं त्याचं 'मारावे' केलं, असं सांगतात. खरं-खोटं इतिहासकारांनी बघावं, आख्यायिका आहे ती. पण एका अक्षरानं एक पेशवा मेला याची म्हण झाली. गावोगावच्या कागदात एका अक्षरानं कुणाची बिघाभर जमीन गेली असेल, त्याची म्हण कोण करणार?

आता शिकायचं कसं. मी फुटपाथवरनं एक पातळसं पुस्तक घेतलं, अक्षरांचे तक्ते असलेलं. तक्ता पाठ झाला चार दिवसांत. मग खरा कागद उघडला तर एक अक्षर ओळखेना. तक्त्यातलं अक्षर एकटं उभं असतं, कागदातलं गर्दीत. लोकलमध्ये माणूस ओळखायचा तसं. शेवटी मी वाचणं बंद केलं आणि लिहायला लागलो. सुताचे कोन ज्यात बांधून येतात तो जाड तपकिरी कागद गिरणीत मिळतो. त्यावर रेघ मारायची, बोरू धरायचा आणि न उचलता लिहीत सुटायचं. आपलं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव, मुकादमाला शिव्या. हाताला वळण कळलं की डोळ्याला कळतं. रिंग फ्रेमवर तार तुटली की बोटं आपोआप जातात, डोळा नंतर पोचतो. तसंच हे. दोन महिने रात्रपाळीनंतर रोज एक पान.

दुसरी गोष्ट, कागद जुन्याकडून नव्याकडे वाचायचे नाहीत. उलटं करायचं. आधी इंग्रजी अमलातले घ्यायचे, १८८०-१९०० च्या आसपासचे. त्यात एकर-गुंठे असतात, ओळखीचे शब्द असतात. मग पेशवाईतले. शिवकाळातले सगळ्यात शेवटी. मुंबई इलाख्यात सरकारी कामातून मोडी काढून बालबोध आणायचं ठरलं १९१७ साली, पण खेड्यातल्या कारकुनांचा हात लगेच वळला नाही. शाळांत तर मोडी पुढंही बरीच वर्षं शिकवत. तेव्हा आपल्या आज्या-पणज्याच्या वेळचे कागद याच टप्प्यातले असतात, आणि ते वाचायला त्यामानानं सोपे.

तिसरी गोष्ट म्हणजे ठरीव बोली. जुना कागद नवं बोलत नाही. राजश्री अमुक यांसी. विनंती उपरी. येणेप्रमाणे. बितपशील. बहुत काय लिहिणे. जाणिजे. मोर्तब सुद. ही गाठोडी एकदा ओळखली की अर्धा कागद वाचून होतो आणि उरलेल्या अर्ध्यावर डोळा खर्च करता येतो. 'मजकूर' हा शब्द घ्या. आपण पेपरातला मजकूर म्हणतो तो इथं नाही. 'मौजे मजकूर' म्हणजे वर सांगितलेलं तेच गाव. शब्द तोडून लिहितात नि पुढं एक उभी दांडी मारतात. ती दांडी दिसली की समजायचं, इथं अक्षरं गिळलीत. आकड्यांच्या पुढच्या दांड्या निराळ्या. एक दांडी पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. बारा रुपये आणि दोन दांड्या म्हणजे साडेबारा. बाराशे नव्हे, बारा हजार नव्हे. एका ठिकाणी मी लोकांना यावरून हातघाईवर आलेलं पाहिलंय.

या ठरीव बोलीत जात कशी बसवलीय तेही बघा. कुणी कुणाला नमस्कार लिहायचा, कुणी दंडवत, कुणी आशीर्वाद द्यायचा, सगळं ठरलेलं. १७७९ साली मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनं सोनारांना 'नमस्कार' म्हणायला बंदी केली होती. बाबासाहेबांनी ती गोष्ट आपल्या लिखाणात दाखवून दिली. सोनारांचं हे, तर आपलं काय? आपल्याला जोहार. आणि तोही बहुधा तोंडी, कारण महाराला पत्र कोण लिहितो? हुकूम सुटायचा तो मोकदमाला, पाटलाला. महारांविषयी लिहायचं, महाराला लिहायचं नाही. कागद वाचताना हे सारखं जाणवतं. आपण कागदात आहोत, पण कागद आपल्याशी बोलत नाही.

तरी आपण आहोत, आणि भरपूर आहोत. महार नसता तर गावगाडा हललाच नसता. सारा गोळा करून पोचवायचा महारानं, पाहुण्या अंमलदाराचं घोडं महारानं धरायचं, वेस महारानं राखायची, गावात कोण मेलं ते सांगत महारानं फिरायचं. दोन गावांच्या शिवेचा तंटा लागला की महाराची साक्ष मोठी मानत, कारण शीव पायाखाली घातलेला तोच. बदल्यात बलुतं आणि हाडकी-हाडवळ्याचा तुकडा. बावन्न हक्क म्हणून जे सांगतात, बिदरच्या बादशहानं दिले म्हणून, त्यात अभिमान वाटण्यासारखं किती नि मेलेल्या ढोराची कातडी किती, हा हिशेब आपल्या लोकांनी एकदा बसून करावा.

कागदात आपला माणूस शोधायचा तर मी नावाचं शेपूट बघतो. 'नाक'. सिदनाक, रायनाक, येसनाक. नायकवरनं आलं म्हणतात, नागवरनं आलं म्हणतात. मला ते खूण म्हणून पुरतं. रेघेवरनं डोळा घसरत नेला आणि शब्दाच्या शेवटी ती दोन अक्षरं दिसली की थांबायचं. कोरेगाव भीमाचा स्तंभ आपण सगळे बघून आलोय. १८१८ च्या १ जानेवारीची लढाई. तिथं कंपनीच्या बाजूनं पडलेल्यांची ४९ नावं आहेत आणि त्यातली २२ 'नाक'नं संपतात. बाबासाहेब तिथं १९२७ च्या १ जानेवारीला गेले. दगडावर इंग्रजांनी खोदलं म्हणून आपण वाचलं. पण त्याच लढाईच्या आगं-मागं, गावोगाव, रुमालांत बांधलेल्या कागदांत किती 'नाक' असतील!

रुमाल म्हणजे दफ्तराचं गाठोडं, कापडात बांधतात म्हणून रुमाल. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आहेत. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दफ्तर ताब्यात घेतलं. पुढं १८५२ च्या कायद्यानं इनामांची चौकशी सुरू झाली, कुणाचं इनाम खरं, कुणाचं खोटं. त्यासाठी आणखी कागद गोळा झाले. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून कागद जमवले, १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला लागले. गो. स. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले, १९३० ते १९३४ मध्ये. मोठी कामं आहेत, मी टोपी काढतो. पण 'निवडक' या शब्दावर माझी सुई अडते. निवडलं कुणी? वाड्यावरनं निवडलं की मोहिमा येतात, तह येतात, लग्नं-मुंजी येतात. वेशीवरनं निवडलं असतं तर काय आलं असतं? त्या रुमालांना कापड लागलं, कापडाला सूत लागलं. ज्यांनी सूत काढलं त्यांना गाठ सोडायची पाळी आत्ता येतेय.

तारखेचं एक सांगतो, कारण इथं भलेभले अडखळतात. पेशवाईतल्या कागदावर बहुधा सुहूर सन असतो आणि तो आकड्यात नसून अरबी शब्दांत असतो. तोही उलटा, एकंपासून. आमच्या पुडक्यातल्या एका तुकड्यावर आहे: खमस तिसैन मया व अलफ. खमस पाच, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे ११९५. त्यात ५९९ मिळवले की १७९४. हे साल मृगाला सुरू होतं, जूनमध्ये, पेरणीच्या वक्ताला; म्हणून वर्षाचा मागचा अर्धा भाग असेल तर ५९९ ऐवजी ६०० मिळवायचे, १७९५. त्याच सालात, मार्च १७९५ मध्ये खर्ड्याची लढाई झाली, जिथली सिदनाकाची आठवण आपल्यात सांगतात. आमच्या तुकड्याचा लढाईशी काही संबंध नाही. गवताच्या पेंढ्यांचा हिशेब आहे तो. महारांनी किती पेंढ्या पोचवल्या. पेंढ्या कापणाऱ्यांची नावं वाळवीनं खाल्लीत, पेंढ्यांचा आकडा शाबूत आहे.

आता त्या भाऊबंदकीचं. पुडक्यात खरा कामाचा कागद एकच, फसली १३०२ चा, म्हणजे १८९२-९३. गावच्या महार वतनाच्या तक्षिमांची यादी. तक्षीम म्हणजे वाटा. सात ओळी, सात नावं, पुढं एकर-गुंठे. सहा ओळींत 'बिन' आहे. अमका बिन तमका, म्हणजे तमक्याचा मुलगा. एका ओळीत 'बिन'च्या जागी 'कोम' आहे. कोम म्हणजे बायको, अमकी कोम अमका. ती बाई आमच्या घरातली. तिचं नाव घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आजा पिढ्या म्हणून दाखवायचा त्यात नुसते बापे होते, एका बापावरनं दुसऱ्या बापावर उडी. मधली बाई कुणी सांगितलीच नव्हती. नवरा मेल्यावर तिनं तक्षीम राखली, मुलगा मोठा होईस्तोवर. कशी राखली असेल ते कागद सांगत नाही.

तिच्या नावापुढं एक शेरा आहे. पैसे घेऊन वाचणाऱ्यानं तो 'राहता' असा वाचून दिला. म्हणजे हे घर गावात नुसतं राहतं. भाऊबंदांनी तेच धरलं: तुम्ही राहते होता, वतनाची चाकरी आमच्या घरानं केली, जमीन आमची. मला तो शब्द 'राबता' दिसत होता. राबता महार म्हणजे चाकरीवरचा, पाळीवरचा. सगळं एका अक्षरावर, आणि नेमकं तेच घडीवर, शाई पसरून काळं झालेलं. असाच शेरा दुसऱ्या एका नावापुढं आहे, पण तिथं कागदच फाटलाय.

मग मी तो कारकून वाचायला घेतला. कागद ठेवला बाजूला, माणूस वाचला. त्याचा 'ब' कसा होतो? 'बिन' सहा वेळा आहे, सहा 'ब' मिळाले. त्याचा 'ह' कसा होतो? 'महार' सात वेळा आहे, सात 'ह' मिळाले. तेराही अक्षरं कोनाच्या कागदावर मोठी करून काढली, एकाखाली एक. या माणसाचा 'ह' दर वेळी ओळीच्या खाली उतरतो, शेपूट सोडतो. सातही ठिकाणी. 'ब' आटोपशीर, पोटातल्या पोटात वळून परत वर जातो. डाग पडलेल्या अक्षराखाली कागद स्वच्छ आहे. शेपूट नाही. डागाच्या आत काय झालं ते दिसत नसेना का, खाली जे यायला पाहिजे होतं ते आलेलं नाही.

तो कागद घेऊन गेलो तर पहिला प्रश्न, तुमच्याकडे मोडीचं सर्टिफिकेट आहे का? नाही. मग तुमचं वाचन चालत नाही. बरोबरच आहे, उद्या कुणीही उठून वाचील. परत पैसे भरून दुसऱ्या जाणकाराकडे दिला, माझे तेरा नमुने त्याच्यापुढं ठेवले. तो भला माणूस होता. त्यानं भिंग लावलं, चहा मागवला, बराच वेळ काही बोलला नाही, आणि लिप्यंतरात 'राबता' असं लिहून खाली सही केली.

आता हे बघा. आमचा जमिनीवरचा हक्क कशानं शाबीत होतो? आमची एक विधवा आजी गावची वेठ राबत होती, यानं. याच वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारता'त लिहिलं. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं बिल १९२८ साली मुंबई कौन्सिलात मांडलं. चोवीस तासांची चाकरी, कुठल्याही खात्याचं काम, आणि घरातला बाप्या नसला तर घरातल्या कुणीही हजर व्हायचं, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितलं. ते बिल पुढं मागं घ्यावं लागलं. वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानं, १९५९ पासून. नजराणा भरून जमिनी परत मिळाल्या, पण वर्ग दोनच्या, कलेक्टरला विचारल्याशिवाय विकता येत नाहीत अशा. आणि आज तो तुकडा मागायचा तर मला हौसेनं सिद्ध करावं लागतं की आम्ही गुलामच होतो, पाळीवरचे, नोंदलेले. 'राबता' हा शब्द सापडला त्या दिवशी मला आनंद झाला. त्या आनंदाची मला अजून किळस येते, आणि तो आनंद खराही होता. दोन्ही लिहून ठेवतो.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधायला सरकारनं न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि एकाएकी मोडी वाचणाऱ्यांना भाव आला. जिकडंतिकडं दफ्तरं उघडली. बरं झालं, ज्याचं त्याला मिळो. पण त्याच दफ्तरांत, त्याच पानांवर, वरच्या-खालच्या ओळीत आपली माणसं आहेत. जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला कोतवाल बुक म्हणतात, ती बघा. जातपडताळणीला पन्नास सालाआधीचा पुरावा मागतात तेव्हा आपली पोरं शाळेचा दाखला शोधत हिंडतात. ज्याचा आजा शाळेतच गेला नाही त्याचा दाखला कुठून येणार? कोतवाल बुकात तो जन्मलेला असतो, मोडीत.

दावा चालू आहे, तारखा पडताहेत.

पुडकं असलेल्यांसाठी चार गोष्टी. लॅमिनेशन करू नका, कागद मरतो. चिकटपट्टी लावू नका. घड्या एकदम उघडू नका. दमट दिवसात सावकाश उलगडतात, कडक उन्हात तुटतात. मूळ कागद कुणाच्या हाती देऊन घरी येऊ नका, वकील असो की पुढारी. आधी मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पाठीमागच्या बाजूचा विसरू नका, कारण शेरे तिथंच असतात. सरकारच्या पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग निघतात, ज्यांना सुट्टी मिळते त्यांनी जावं. ज्यांना मिळत नाही त्यांनी रविवारी वस्तीतल्या विहारात यावं. दुपारी तीननंतर मी असतो. बोरू मी कापून देईन, कागद माझ्याकडे आहे.